पुलाखालची क्लॅरिनेट

मी एक क्लॅरिनेट. तुमच्या सनईची दूरची मावसबहीण म्हणा हवं तर. अंग काळ्या लाकडाचं, वर चकचकीत चाव्या, आणि तोंडाशी वेताची एक पातळ पत्ती. पेटीच्या मखमलीत मी बहुतेक वेळ झोपलेली असते. त्यामुळे माझं आयुष्य मला सलग आठवत नाही. प्रवासात डुलकी मोडावी, खिडकीतून एखादं गाव दिसावं, पुन्हा डोळा लागावा, तसं ते आठवतं. जेवढं आठवतं तेवढं सांगते.

ज्या झाडापासून मला घडवलं ते कुठल्या रानात उभं होतं, मला ठाऊक नाही. कधीकधी पेटीत पडल्या पडल्या फार मोठ्या उन्हाचं स्वप्न पडतं, आणि त्या उन्हात एक पक्षी कसलीशी शेंग फोडत बसलेला असतो. बालपणाची माझ्याकडे तेवढीच एक खूण आहे. पुढे कोणीतरी मला कातलं, पोखरलं, चाव्या बसवल्या. जहाजावरच्या एका वादकाने मला मनिलाच्या बंदरात विकलं आणि फिरत फिरत मी तळ्याकाठच्या एका गावात लोलो इसियोंग यांच्या हाती आले.

लोलो म्हणजे आजोबा. ते सगळ्या गावाचेच आजोबा होते. बदकं पाळायचे, आणि गावच्या बँडमध्ये मला वाजवायचे. जत्रा असो, लग्न असो, नाहीतर मयत, आमच्या गावात बँडशिवाय माणूस घराबाहेर पडत नसे. दुपारी लोलो तळ्याच्या बांधावर बसून सराव करत, तेव्हा बदकं पाण्यातून वर येऊन आमच्याभोवती गोळा होत आणि माना वाकड्या करून ऐकत.

त्यांची नात लिगाया नऊ वर्षांची झाली तेव्हा तिला शिकायचं होतं. तिच्या छातीत एवढा दम नव्हता. मग लोलो मला तोंडात धरत, आणि ती समोर बसून चाव्या दाबायची. श्वास त्यांचा, बोटं तिची. वर्षभर मी अशी दोघांची मिळून वाजले. ते सूर मला अजून कुठूनतरी ऐकू येतात. जरा डगमगणारे, पण कसे उबदार!

लिगाया चोवीस वर्षांची झाली आणि तैवानमधल्या एका कारखान्यात तिला काम मिळालं. ती बॅग भरत होती तेव्हा लोलो मला घेऊन दारात उभे राहिले.

"लोलो, वीसच किलो नेता येतात हो."

"मग कपडे काढ. कपडे काय, तिकडेही शिवतात." त्यांनी मला तिच्या दोन झग्यांच्या जागी ठेवलं. "आणि दर रविवारी वाजव. नाही वाजवलीस तर हिच्या पोटात झुरळं बाळंत होतील."

"आणि तुम्ही काय वाजवणार?"

"मी? मला आता जिना चढलो की छातीतून शिट्टी ऐकू येते. ती पुरे."

अशी मी गांगशानला आले. त्या गावात घरोघरी जणू स्क्रूच तयार होतात. हवेला तेलाचा वास, रस्त्याला तेलाचा वास, आणि संध्याकाळी लिगायाच्या केसांनाही तोच. ती दिवसभर दिव्याखाली बसून स्क्रू निवडायची. वाकडे एकीकडे, सरळ एकीकडे. काम करता करता तिची डाव्या हाताची बोटं टेबलावर आपोआप चालायची, आणि तिचे उस्ताद हुंग शिफू मागे येऊन उभे राहायचे. उस्तादाला इथे शिफू म्हणतात. हे शिफू छोट्या चणीचे, कपाळावर कायम चष्मा चढवलेले, आणि हसले तर यंत्र बंद पडेल असा चेहरा.

"काय गं, स्क्रू निवडतेस की त्यांना नाचायला शिकवतेस?"

"दोन्ही, शिफू."

"एकच कर. खुर्ची एकीचीच आहे."

हे सगळं ती संध्याकाळी सांगायची तेव्हा मला कळायचं. राहण्याच्या जागी एका खोलीत आठ जणी होत्या. माझी पेटी लोखंडी कपाटात, सुकटीच्या पुड्या आणि नूडल्सच्या पाकिटांमध्ये. बाहेर पाटी होती: 'गोंगाट करू नये.' म्हणून लिगाया वरच्या पलंगावर आडवी पडून मला छातीवर घ्यायची आणि फुंकर न घालता वाजवायची. नुसत्या चाव्या. टिक, टिक, टिकटिक. मला ते आधी विचित्र वाटलं, मग आवडायला लागलं. झोपेत कोणीतरी केसांतून हात फिरवावा तसं.

खालच्या पलंगावर नेना असायची. सगळ्या तिला 'आते' म्हणत, म्हणजे ताई. तिने इथे तेव्हा चार वर्षं काढली होती.

"आज मिरवणुकीचं गाणं ना?" आते खालून विचारायची.

"कसं ओळखलंत?"

"तिसऱ्या ओळीत अडखळलीस."

"आते, मी वाजवतच नव्हते!"

"तरी अडखळलीस."

मग खालच्या रस्त्यावर कचऱ्याची गाडी तिची ती गोड धून वाजवत यायची, आणि आठही जणी पिशव्या घेऊन जिन्यावरून धावत सुटायच्या. लिगाया सगळ्यांत मागे. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत ती तिथेच उभी. वर आली की मला म्हणायची, "आजही जरा बेसूरच." खोलीतला तो वेळ माझा फार आवडता. आठ जणींचे ओले केस, भाताची वाफ, आणि दूर दूर जाणारी ती धून.

चार महिने मी अशीच मुकी वाजले. मग एका रविवारी प्रार्थनेनंतर लिगाया मला सायकलच्या टोपलीत घालून नदीकाठाने निघाली. मोठ्या पुलाखाली म्हातारी माणसं सॅक्सोफोन वाजवत बसली होती. चार जण, चार टोकांना. घरी शेजारी ओरडतात म्हणून बिचारे इथे येत. त्यांच्यातले एक उठून आले. लाइ आकोंग. आकोंग म्हणजेही आजोबाच. चाळीस वर्षं केस कापून आता निवृत्त झालेले.

माझ्याकडे बघून ते म्हणाले, "हे काय? आमच्या सॅक्सोफोनला उपाशी ठेवलंस की काय?"

"ही क्लॅरिनेट आहे, आकोंग."

"वाजते, की नुसती मिरवायची?"

लिगायाने पत्ती ओली केली आणि फुंकर घातली. पहिला सूर चिरकला. दुसरा घशात अडकला. तिसऱ्याला मला नीट जाग आली. पुलाखाली आवाज गोल गोल फिरून परत आपल्याकडे येतो. मला वाटलं, पलीकडून आणखी कोणीतरी मला उत्तर देतंय. नदीतले बगळे हलले नाहीत. वरून गाड्या जात होत्या, त्यांची घरघर फार लांबची वाटत होती.

आकोंगनी साथीला लावलेलं आपलं गाण्याचं यंत्र बंद केलं. "कोणी शिकवलं?"

"आजोबांनी."

"ते काय करतात?"

"बदकं पाळतात."

"तरीच! माझ्या बापाकडे बदकं होती. बदकवाल्यांचा श्वास लांब असतो."

"तो का?"

"हाका मारून मारून. दुसरं काय?"

त्यानंतर सहा वर्षं आमचे रविवार पुलाखाली गेले. ते लोक संथ गाणी वाजवायचे, बंदर सोडून जाणाऱ्या माणसांची. लिगायाला शब्द समजत नसत, पण कुठे थांबायचं ते तिला बरोबर कळे. तिने त्यांना आमच्या जत्रेचं कूच, म्हणजे तेच मिरवणुकीचं गाणं, शिकवलं. ते त्यांनी इतकं हळू वाजवलं की देवाची मिरवणूक दुपारच्या झोपेतून उठून चालल्यासारखी वाटे. मध्येच आकोंग एखाद्याचे केस कापून द्यायचे. कापलेल्या पेरूवर आंबटगोड पूड भुरभुरून पुडी सगळ्यांत फिरायची. "माझा सूर चुकला तर तो वारा समजायचा," आकोंग म्हणत, "तुझा चुकला तर तूच." दर रविवारी लोलोंना फोन लावून ऐकवलं जाई. ते प्रत्येक वेळी एकच विचारत, "झुरळं नाहीत ना?"

सातव्या वर्षी, सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, संध्याकाळी आईचा फोन आला. लोलो बांधावर बसल्या बसल्या गेले होते.

 लिगायाने कपाट उघडलं, मला काढलं आणि ती कपडे वाळत घालायच्या गच्चीवर गेली. कपाट एसीच्या झोताखाली होतं. मी गारठलेली होते. असं असताना मला आधी हातात धरून ऊब द्यायची असते, हे तिला लोलोंनीच शिकवलं होतं. त्या दिवशी ती विसरली. तिने छातीतलं सगळं एकदम माझ्यात ओतलं.

मला आतून 'कट्' असं ऐकू आलं. मी फाटले. गळ्यापासून खाली बोटभर.

तरी ती वाजवत राहिली. अर्धा सूर, अर्धा वारा. चादरी हलत होत्या. राहण्याच्या जागेच्या देखरेखबाई धापा टाकत वर आल्या, दारात उभ्या राहिल्या, तिच्याकडे बघितलं, आणि दार हलकेच ओढून घेऊन खाली गेल्या.

शनिवारी मूठमाती द्यायची ठरली होती. लिगायाला रजा मिळाली, शुक्रवारचं विमान मिळालं. लोलोंच्या शेवटच्या मिरवणुकीत त्यांच्या जागी तिने चालायचं, हे गावाने न बोलता धरूनच ठेवलं होतं. आणि मी तर फाटलेली.

बुधवारी ती कामावर बसली, आणि हुंग शिफू तिच्या मागे येऊन थांबले.

"डोळ्यांतलं पाणी मालावर पडू देऊ नकोस. गंज चढतो."

ती हसली नाही. शिफूंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "काय झालं?"

तिने आधी लोलोंचं सांगितलं. मग माझं. ते ऐकून शिफूंनी टेबलावरचा एक स्क्रू उचलला. तो बोटांत फिरवत राहिले.

"आण ती."

"काय?"

"ती तुझी नळी. जेवणाच्या सुट्टीत आण."

त्यांनी मला दिव्याखाली धरलं, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्या बोटांना चहाचा आणि तेलाचा वास होता. त्यांनी माझी जाडी मापली, फट मापली, पुन्हा मापली. "लाकूड फाटलंय," ते म्हणाले, "फाटलेलं शिवता येतं."

"सुईने?"

"माझ्याकडे सुई कुठे आहे? स्क्रू आहेत."

त्यांनी खास माझ्यासाठी तीन स्क्रू केले. बिनडोक्याचे, सुईपेक्षा जरासे जाड. गुरुवारी माझ्या अंगात आडवी भोकं पाडून ते एकेक आत फिरवले, आणि फटीचे दोन्ही ओठ हळूहळू एकमेकांजवळ आले. दुखलं का? दुखलं. पण दात दुखत असताना कोणीतरी गालावर हात ठेवावा तसंही वाटलं. वरची रेघ भरायला काळ्या लाकडाची पूड हवी होती. लिगायाने आकोंगना फोन केला. ते आपला काळ्या लाकडाचा जुना कंगवा घेऊन आले आणि स्वतःच कानस मारायला बसले.

"आकोंग, कंगवा नका ना खराब करू!"

"राहू दे. आमच्या पुलाखाली आता कंगवा लागतो कोणाला?"

पूड गोंदात कालवून माझ्या रेघेत भरली. बाहेर वारा सुटला होता. शिफू म्हणाले, "दोन दिवस फुंकू नकोस. वादळ येतंय, तसंही कुठे जाणार?"

वादळ खरंच आलं. शुक्रवारी कारखाना बंद, रस्ते बंद, विमानं बंद. आठ जणी खोलीत बसून खिडक्यांचा थरथराट ऐकत होत्या. दुपारी आईचा फोन आला. तिकडेही पाऊस थांबत नव्हता.

"लिगाया, तळं अंगणात आलंय. दफनभूमीची वाट उद्या दुपारी बुडणार म्हणतात. आता थांबता येत नाही गं."

"मी काय करू, इनाय?" इनाय म्हणजे आई. "मी काय करू?"

फोन तिच्या मामाने घेतला. बेर्तिंग मामा, बँडचे ढोलवाले. "ऐक. उद्या सकाळी आठ. क्लॅरिनेटची जागा आम्ही रिकामी ठेवतोय. फोन मी गळ्यात बांधतो, वर कर्णा लावतो. सुरुवात तू करायचीस."

शनिवारी पहाटे वादळ निघून गेलं आणि इतकं शांत झालं की पागोळ्या मोजाव्यात. लिगाया मला घेऊन पुलाकडे निघाली. आते तिच्या मागे सायकलवर बसली. नदी वर येऊन गेली होती. पुलाखाली पोटरीभर चिखल, फांद्या, कोणाची तरी एक चप्पल. आणि त्या चिखलात आकोंग आणि त्यांचे तिघे सोबती खराटे घेऊन उभे. त्यांनी एका माणसाला उभं राहता येईल एवढी जागा धुऊन ठेवली होती.

"ओलं आहे," आकोंग म्हणाले, "घसरू नकोस."

आतेने फोन धरला. फोनमधून पावसाचा आवाज आला, पावलांचा, कोणीतरी खोकल्याचा. मग बेर्तिंग मामांचा दबका आवाज, "लोलोंना दारातून उचललंय. हं, लिगाया."

तिने या वेळी मला आधी दोन्ही तळव्यांत धरलं. बराच वेळ. मग फुंकर घातली.

मी घाबरले होते. तीन स्क्रू, थोडा गोंद, एका न्हाव्याचा कंगवा, एवढ्यावर मी उभी होते. पण श्वास आत आला तो तिचा एकटीचा वाटलाच नाही. कूच तिने फार संथ सुरू केलं, पुलाखाली व्हायचं तसं. पहिली ओळ मी एकटीच वाजले. दुसऱ्या ओळीला फोनमधून बँड उठला. पण आवाज समुद्रावरून यायचा, तो पोचायला वेळ लागायचा. ते आमच्या मागे, मग आम्ही त्यांच्या मागे. लिगायाने जुळवून बघितलं, जुळेना. तिच्या गालांवरून पाणी माझ्या चाव्यांवर येत होतं. शेवटी तिने जुळवणं सोडून दिलं. तिकडची मिरवणूक तिच्या चालीने, इकडची आमच्या. एकच माणूस दोन रस्त्यांनी चालला होता.

तेवढ्यात आमच्या मागून खालच्या पट्टीत एक लांब सूर आला. आकोंग. मग दुसरा, तिसरा, चौथा. ते नुसता आधार देत होते, पाठीवर हात ठेवल्यासारखा. पाणी ओसरलेल्या नदीवर ऊन पडलं होतं, आणि मला सारखं वाटत होतं की कुठल्याही क्षणी पाण्यातून बदकं वर येतील.

संपलं तेव्हा फोनमध्ये फक्त पाऊस होता. मग आई म्हणाली, "ऐकू आलं, बाळा. सगळ्यांना."

पुलाच्या उतारावर हुंग शिफू उभे होते. डोक्यावर हेल्मेट तसंच. ते खाली आले, लिगायाच्या हातातून मला घेतलं, उन्हात धरून रेघ तपासली.

"वरून दुसऱ्या चावीपाशी हवा गळतेय," ते म्हणाले. "सोमवारी आण."

लिगाया पुढच्या आठवड्यात घरी जाऊन आली. तिकडून तिने बांधावरचा एक वेत आणला आणि त्याच्या पत्त्या कातल्या.

हुंग शिफू मात्र त्यानंतर रविवारी पुलाकडे फिरकायला लागले. आधी म्हणे गळती बघायला. मग नुसतेच. एकदा त्यांनी रस्त्याकडे बघत विचारलं, "हे शिकायला किती दिवस लागतात?"

"रोज वाजवलं तर वर्ष."

"आणि साठीच्या माणसाला?"

"साठ वर्षं," आकोंग पलीकडून ओरडले.

अशी आणखी पाच वर्षं गेली. आते आपल्या गावी गेली. आकोंगच्या दातांनी राजीनामा दिला, त्यामुळे ते आता वाजवत नाहीत, फक्त चुका काढतात. शिफू निवृत्त झाले. आणि परदेशी कामगाराला इथे जितकी वर्षं राहता येतं ती लिगायाची भरत आली.

गेल्या वसंतात एका दुपारी तिने बॅग भरली. मला आत ठेवलं, बाहेर काढलं, पुन्हा ठेवलं. मग मला मांडीवर घेऊन फोनवर बेर्तिंग मामांशी बोलली. बँड कधीच मोडला होता. पोरं जहाजांवर आणि आखाती देशांत गेली होती. जत्रेत आता स्पीकर वाजतो. फोन ठेवल्यावर ती खिडकीकडे बघत बसून राहिली. उन्हं उतरेपर्यंत.

रविवारी तिने पुलाखाली माझी पेटी शिफूंसमोर ठेवली.

"हे काय?"

"तुमच्याकडे राहू दे."

"वेडी आहेस का? मी वाजवलं की कुत्री उठून जातात."

"सवय होईल त्यांना."

"तुझ्या आजोबांची आहे ती."

"आजोबा चारचौघांत वाजवायचे, शिफू. तिकडे आता मी एकटीच. ही कपाटात पडून राहील."

शिफूंनी हात पँटला पुसले. एकदा, दोनदा. मग पेटी घेतली. "सुट्टीला आलीस की परत घे."

"घेईन."

दोघंही नदीकडे बघत होते. 

लिगायाने मला शेवटचं वाजवलं नाही. तिने फक्त मला पुसलं, आतून आणि बाहेरून, पत्ती काढून वेगळी ठेवली, आणि पेटीचं झाकण मिटताना एक बोट मध्ये ठेवून क्षणभर थांबली.

याला आता अकरा रविवार झाले. शिफूंचा श्वास आखूड आहे. कूचाचे पहिले सहा सूर त्यांना येतात, सातवा गंजलेल्या बिजागरीसारखा करकरतो. मग आकोंग कपाळाला हात लावतात, शिफू पत्तीला दोष देतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. सातवा लागल्याशिवाय घरी जायचं नाही असं त्यांनी ठरवलंय. पण तो लागत नाही, अंधार पडायला लागतो, आणि दोघं म्हातारे एकमेकांना नावं ठेवत सायकली ढकलत जातात.

तुम्ही कधी त्या वाटेने गेलात आणि पुलाखालून तो करकरणारा सूर आला, तर हसू नका. सायकल थोडी हळू करा. एवढंच माझं मागणं आहे.

आणि लिगाया, तू माझी काळजी करू नकोस. इथे दुपारचा वारा बरा असतो. पेरू आलेत. आकोंगनी काल नवी कवळी बसवली आहे आणि तिच्यासकट सॅक्सोफोन वाजवून बघायचा त्यांचा बेत आहे. तुला इथे सगळे विचारतात, कचऱ्याच्या गाडीपाशी शिफूंना भेटणाऱ्या त्या देखरेखबाईसुद्धा. अजून पुष्कळ सांगायचं होतं. पण शिफूंनी चष्मा कपाळावर चढवलाय, मला तळव्यांत धरून ऊब दिलीय, आणि आता ते श्वास घेताहेत.

मला थांबायला हवं. वाजायचं आहे.